रुक्माच्या बिल्ल्यावरचे दोन तास

समजा, तुम्ही कर्नाटकातल्या रामनगरात एका काजूच्या कारखान्यात निवडणीच्या टेबलाशी बसला आहात. समोर पांढऱ्या पत्र्याचा टेबल, डोक्यावर दोन ट्यूबलाइट, हाताशी पाच डबे. सोललेल्या काजूगरांचा ढीग पुढ्यात ओतला जातो. मोठा अख्खा गर पहिल्या डब्यात, त्याहून लहान दुसऱ्यात, पाकळी तिसऱ्यात, तुकडा चौथ्यात, डागी पाचव्यात. वजनकाटा नाही, मोजपट्टी नाही. बघायचं, उचलायचं, टाकायचं. पहिल्या तासाला गंमत वाटते. चौथ्या तासाला बोटं आपोआप चालतात. आठव्या तासाला मान आखडते, आणि दहाव्या तासाला मोठा गर आणि मधला गर डोळ्यांना एकसारखेच दिसू लागतात. तरीही तुम्ही उचलता, टाकता. आता सांगा, त्या दहाव्या तासाची मजुरी पहिल्या तासाएवढीच असावी का?

त्या टेबलाशी बसणाऱ्या अनुसयाला हा प्रश्न अकरा वर्षं पडला नव्हता, याचंच नवल. कारण तिला सगळे प्रश्न पडत.

तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या बाजूचं. मराठी शाळेत सातवी झाली आणि लग्न होऊन रामनगरला आली. नवरा परशू लाकडाच्या डेपोत ट्रक भरायला जातो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, "मामंजी, सूप्याचं धरण भरलं की आपल्या हिरीचं पाणी वाढतंय काय?" सासरे हसून सासूला म्हणाले होते, "हिला जेवाय जरा कमी वाढ गं. डोकं लई पळतंय." पण त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच दोरीला गाठी मारून विहिरीचं पाणी मोजलं, ही गोष्ट परशू अजून सांगतो.

कारखान्यातही तेच. मोठ्या गराला सगळ्या बायका "दोनशे चाळीस" म्हणत, मधल्याला "तीनशे वीस". का म्हणतात, ते कुणी विचारलं नव्हतं. अनुसयानं हजेरी लिहिणाऱ्या किरणला विचारलं. किरण म्हणाला, "एका पौंडात तितकं गर बसत्यात, अक्का."

"पौंड म्हंजे किती?"

"साडेचारशे ग्रॅमच्या वर थोडं."

दुपारच्या सुट्टीत तिनं डबा काट्यावर ठेवला आणि तेवढ्या वजनाचे गर मोजले. दोनशे तेहेतीस भरले.

"मग सात कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"अण्णांनी खाल्लं," शेजारी बसलेली रुक्मा मालकाच्या ऑफिसाकडं बोट करून म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं. त्या दिवसापासून एखादा गर खाली पडला की बायका म्हणत, "सातातला गेला."

रुक्मा अनुसयापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिचं माहेर दिग्गी, पार डोंगरातलं. तालुक्याच्या जोयड्यापर्यंत बस, पुढं मिळाली तर जीप, न मिळाली तर पाय. तिचे वडील लखू चार वर्षांपूर्वी वारले. भाऊ नाही. घरी आई चंद्रा एकटी आणि भाताचे दोन तुकडे. आषाढात लावणीला नऊ दिवस आणि दिवाळीनंतर कापणी-मळणीला पाच दिवस रुक्माला गेलंच पाहिजे. ती गेली नाही तर आईचं शेत पडून राहणार.

आणि गेली तर बिल्ला जाणार.

इथं बिल्ल्याचं सांगायला हवं. कारखान्याच्या दारात दोन फळ्या आहेत, खिळे मारलेल्या. प्रत्येकीचा नंबर घातलेला पितळेचा बिल्ला डावीकडच्या फळीवर लटकतो. आत येताना तो उजवीकडच्या फळीवर लावायचा. किरण बिल्ले बघून वहीत नंबरापुढं तास लिहितो. पगार तासावर, तासाला साठ रुपये. पूर्वी रामनगरात वीज यायची-जायची, वीज असेल तेवढंच काम व्हायचं, म्हणून मालकानं तासाचा हिशेब सुरू केला तो तसाच राहिला. मालक नारायणअण्णा, मूळचे खानापूरकडचेच. वाईट माणूस नाही. भट्टीवाल्याच्या पोराच्या ऑपरेशनला त्यांनी न विचारता गाडी दिली होती. पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. बिल्ला सलग तीन दिवस डाव्या फळीवरून हलला नाही, तर तो नंबर दुसऱ्या बाईला. दारात काम मागणाऱ्या बायका रोज येतात, त्यांना तरी किती दिवस नाही म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा टेबलावरच्या पाच बायकांनी आपल्याला येत होतं ते केलं. पैरा.

पैरा म्हणजे कामाची फेड. आज मी तुझ्या शेतात रोप लावायला येते, उद्या तू माझ्या शेतात ये. मजुरी नाही, उधारी नाही, दिवसाला दिवस. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून बांधावर बसून बघितलेलं. रुक्मा दिग्गीला गेली की उरलेल्या चौघी सकाळी नऊऐवजी आठला येत आणि संध्याकाळी सहाऐवजी सातला जात. प्रत्येकीचे रोजचे दोन तास जादा. चार दुणे आठ. रुक्माचा चौदा नंबरचा बिल्ला सकाळी उजव्या फळीवर लागे आणि किरण त्याच्यापुढं आठ लिही. काम आठ तासांचं पुरं झालेलं असे, त्यामुळं किरणच्या मनाला काही लागत नसे. पगार रुक्माला मिळे. रुक्मा परत आली की दुसऱ्या कुणाच्या बिल्ल्यावर तास करून फेड करी. अनुसया मावसबहिणीच्या लग्नाला नंदगडला गेली तेव्हा रुक्मानंच तिच्या नंबरावर सगळ्यात आधी तास घातले होते.

कुणाचं काही अडलं नाही. दोन हजार चोवीसच्या दिवाळीच्या आधी कारखान्याला चुना लावायला काढला, तोपर्यंत.

बॉयलरच्या खोलीकडं जाणाऱ्या भिंतीशी काजूची पोती छतापर्यंत रचलेली असत. ती हलवली तेव्हा मागं एक पत्र्याचा फलक निघाला. वर गंज, खाली बारीक कानडी अक्षरं. अनुसया कानडी बोलते फर्डं, पण कानडी अक्षर तिला येत नाही. रुक्माचं उलट. ती कानडी शाळेत पाचवीपर्यंत गेलेली.

"वाच की गं," अनुसयानं पदरानं धूळ पुसत म्हटलं.

"कशाला? आग लागली तर पाणी मारा, असंच कायतरी असतंय."

"मग तेवढंच वाच."

रुक्मा बोट ठेवून वाचू लागली. मोठी मोठी सरकारी वाक्यं. अर्धी तिला कळत नव्हती, ती नुसती अक्षरं म्हणत होती आणि अनुसया ऐकून अर्थ लावत होती. पिण्याच्या पाण्याचं आलं, संडासाचं आलं. मग रुक्मा म्हणाली, "दिनक्के ओंबत्तु गंटे... वारक्के नलवत्तेंटु गंटे..."

"दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. फुडं?"

"त्याच्यापरास जास्त केलं तर... वेतन... एरडरष्टु."

"दोनपट?"

"तसंच लिहिलंय."

"कुणी कुणाला द्यायचं दोनपट?"

रुक्मा वैतागली. "अक्का, मी वाचायलेय. लिहिलेलं न्हाई मी."

तेवढ्यात चुना लावणारा शिडी घेऊन आला आणि दोघींना तिथून उठावं लागलं. अनुसयानं दुपारी किरणला गाठलं. किरणनं खांदे उडवले. "व्हय अक्का, तसा कायदा हाय. जादा काम केलं तर दुप्पट. खरं आपल्यात जादा काम करतंय कोण? वही बघ, कुणाचंच आठाच्या वर न्हाई."

वही खरंच तशी होती. अनुसयानं जुलैचं पान काढायला लावलं. तिचे आठ. रुक्माचे आठ. सगळ्या रकान्यांत आठ, आठ, आठ, जणू नांगर सरळ चाललाय. त्या नऊ दिवसांत ती सकाळी आठच्या आधी घरून चहाही न घेता निघत होती आणि सातनंतर परतत होती, ते त्या पानावर कुठंच नव्हतं. स्वतःच्याच हातांनी तिनं ते रुक्माच्या रकान्यात ठेवलं होतं.

त्या रात्री परशूला तिनं सांगितलं. परशू म्हणाला, "मग माग की दुप्पट."

"कशी मागू? मागायचं म्हंजे सांगाय पायजे, ते तास माझं हुतं, रुक्माचं न्हवं. मग रुक्मा नऊ दिवस नव्हती असं हुतंय. बिल्ला जातोय तिचा."

"मग नको मागू."

"खरं दुप्पट का म्हणून देत असतील?"

परशू कूस बदलून झोपला. या प्रश्नाचा शेवट नसतो हे त्याला वीस वर्षांत कळलं होतं.

दिवाळी झाली आणि रुक्मा कापणीला दिग्गीला गेली. पुन्हा पाच दिवस दोन-दोन तास. या वेळी अनुसयानं एक केलं. सकाळच्या पहिल्या तासात मोठ्या गराच्या डब्यात तिनं टाकलेले शंभर गर तिनं एका पिशवीत बाजूला ठेवले. संध्याकाळी सहा ते सात या तासातले शंभर दुसऱ्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी दोन्ही पुन्हा निवडायला तिनं टेबलावरच्या सुनयनाला दिले. कुठली पिशवी कधीची ते सांगितलं नाही. सुनयनानं पहिल्या पिशवीतून तीन गर चुकीचे काढले. दुसरीतून अकरा.

"कुणी निवडलंय हे?" सुनयनानं नाक मुरडलं. "नवीन बाई घेतली की काय अण्णांनी?"

"मीच."

"दोन्ही?"

"दोन्ही."

सुनयनानं दोन्ही पिशव्या पुन्हा उघडून बघितल्या. अनुसया मात्र खुशीत होती. दुप्पट का, याचं उत्तर तिला डब्यातच सापडलं होतं. दहावा तास हा पहिल्या तासासारखा नसतोच. त्यात डोळे कमी असतात, मान कमी असते, घरचा स्वयंपाक मागं पडलेला असतो. तो तास महाग असायलाच पाहिजे; महाग असला तर मालक तो जपून मागेल.

मग ही महागाई इतकी वर्षं भरत कोण होतं?

नोव्हेंबरच्या शेवटी जोयड्याला कामगारांसाठी माहिती शिबिर असल्याचा कागद पंचायतीच्या दारावर लागला. अनुसयानं जायचं ठरवलं. त्या दिवशी तिच्या बिल्ल्यावर चौघींनी दोन-दोन तास घातले. रुक्मा दिग्गीहून आली होती, तीच पहिली आठला हजर झाली. पैऱ्याबद्दल विचारायला जाणारी बाई पैऱ्यावरच सुट्टी घेऊन गेली, यावर टेबलावर दिवसभर हसणं चाललं होतं म्हणे.

शिबिरात कामगार खात्याच्या सावित्री मॅडम होत्या, शिरसीकडच्या. मराठी थांबून थांबून बोलायच्या, पण ऐकायच्या नीट. अनुसयाची पाळी आली तेव्हा तिनं कानडीतच सुरुवात केली. तुमच्या कारखान्यात किती माणसं, विजेवर चालतो का, असं मॅडमनी आधी विचारलं. बावीस माणसं, बॉयलर, विजेची भट्टी.

"मग कारखान्याचा कायदा लागू. दिवसाला नऊच्या वर किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर गेलं की त्या वरच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट. तुमचा दर किती?"

"साठ."

"तर त्या तासाला एकशे वीस. दोन्हींत जे हिशेबानं जास्त पडेल ते बघायचं. तुम्ही सहा दिवस आठ-आठ तास करता, म्हणजे अठ्ठेचाळीस तिथंच भरले. पुढचा प्रत्येक तास दुप्पट. नवे कायदे यायचेत, आकडे थोडे इकडंतिकडं होतील. पण जादा तासाला दुप्पट हे डोक्यात ठेवा. वहीत किती दाखवलेत तुमचे?"

"आठ."

"आणि केलेत?"

"दहा."

"मालक कमी लिहितो?"

"न्हाई. दोन तास रुक्माच्या नावावर लिहिल्यात." आणि मग अनुसयानं सगळं सांगितलं. बिल्ला, तीन दिवसांचा नियम, चार दुणे आठ.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अक्का, मी बारा वर्षं नोकरी करते. मालकानं तास चोरलेले बघितले. कामगारांनी आपले तास असे एकमेकींत वाटून पुसून टाकलेले पहिल्यांदा ऐकते."

"पुसलं न्हाई. दिलं."

"वहीच्या दृष्टीनं पुसलंच. वही खोटी झाली. तुम्ही तक्रार दिली तर मला वही मागवावी लागेल, आणि मग रुक्मा गैरहजर दिसणार. तुम्हाला तुमचे पैसे मिळतील. तिचं काय होईल, ते तुम्ही सांगितलंतच."

अनुसया उठणार, इतक्यात मॅडमनीच विचारलं, "ही रुक्मा वर्षात किती दिवस भरते?"

"चौदा दिवस सोडले तर रोज येती. का?"

"वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागं एक दिवस भरपगारी रजा. हेही कायद्यातच आहे. तुमच्याकडं देतात?"

अनुसयानं असं काही ऐकलंच नव्हतं. भरपगारी रजा म्हणजे बिल्ला डावीकडं लटकत ठेवून दिग्गीला जायचं आणि तरी नंबर आपलाच! परतीच्या बसमध्ये ती बोटांवर दिवस मोजत आली. रविवार, महाशिवरात्र, शिमगा, पावसात वीज गेलेले दिवस, भट्टी दुरुस्तीचा आठवडा, सगळे बंद दिवस वजा. दुसऱ्या दिवशी किरणकडून वही घेऊन तिनं ते पक्कं केलं. डिसेंबर धरून रुक्माचे दिवस भरत होते दोनशे सत्तेचाळीस.

पण त्यातले चौदा पैऱ्याचे होते. खरे दोनशे तेहेतीस.

दुपारी डबे उघडल्यावर अनुसयानं रुक्माला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. रुक्माचा घास हातातच राहिला.

"म्हंजे मी तुझी चोरी केली व्हय, अक्का?"

"तसं कोण म्हणालं?"

"अठ्ठावीस तास. दुप्पटीनं तुझं किती बुडालं?"

"जेवण कर."

"न्हाई, सांग. मी फेडलं की तुला. नंदगडला गेलीस तवा मी आधी उभी ऱ्हायले. परवा जोयड्याला गेलीस तवाबी. फेडलं का न्हाई?"

"फेडलंस. तूबी दहावाच तास दिलास, मीबी दहावाच तास दिला. आपल्या आपल्यात बरोबर झालं. हेच तर माझ्या डोक्यात बसंना." अनुसयानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "शेतात बघ. मी तुझ्यात लावणीला आले, तर ते भात कुणाच्या घरात जातंय? तुझ्या. तू माझ्यात आलीस तर माझ्या. तिथं पैरा फिटतोय. हितं आपण दोघी एकमेकीला तास दिलं, फेडलं, सगळं केलं. खरं काजू कुणाच्या गाडीत चढला?"

टेबलावरच्या बाकीच्या दोघी आणि सुनयना ऐकत होत्या. सुनयना हळूच म्हणाली, "आपला पैरा अण्णांनी खाल्ला म्हण की."

"अण्णांना तरी कुठं म्हाईत हाय? आपणच वाढलं त्यांच्या ताटात."

यावर कुणी हसलं नाही.

मग ठरवाठरवी झाली, आणि ती सोपी नव्हती. सुनयना म्हणाली की आपल्या चौघींचे अठ्ठावीस-अठ्ठावीस तास आहेत, सोडायचे कशाला. मागू, आणि रुक्माचं बघू काहीतरी. रुक्मा म्हणाली, मागा, मी दिग्गीला जाऊन आईपाशी राहीन. असं म्हणताना तिचा आवाज असा निघाला की सुनयनानंच विषय सोडला. शेवटी अनुसया म्हणाली, "आधी रजेचं विचारू. दुप्पटीचं तिथं गेल्यावर काय तोंडात येईल ते येईल."

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी अनुसया आणि रुक्मा ऑफिसात गेल्या. नारायणअण्णा चष्मा कपाळावर चढवून काजूच्या नमुन्याची पुडी हुंगत होते. किरण कोपऱ्यात वही घेऊन बसला होता.

"बोला. ॲडव्हान्स पायजे?"

"न्हाई अण्णा. रजा पायजे."

"घ्या की. कोण बांधून ठेवलंय? बिल्ला मात्र..."

"बिल्ला न जाणारी रजा," अनुसया म्हणाली. "पगारी. दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्यानं द्यायची असते ती. जोयड्याला विचारून आलोय. आपल्या पोत्याच्या मागच्या फलकावरबी असंल, आम्ही तिथवर वाचलं न्हाई."

अण्णांनी चष्मा खाली घेतला. "सी.ए. मागल्या वर्षी कायतरी म्हणत हुता खरा. मी म्हटलं आमच्यात कोण मागत न्हाई." मग एकदम व्यापाऱ्याच्या आवाजात, "बरं. कुणाकुणाचं भरल्यात? किरण, ही रुक्मा. चौदा नंबर. किती?"

किरणनं वही उघडली. पान उलटायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. "डिसेंबर धरून दोनशे सत्तेचाळीस."

"वीसानं भागलं तर बारा. बारा दिवस पगारी, नव्या वर्षात. लिहून घे. बाकीच्यांचंबी बघ." अण्णा पुडी बांधू लागले. मग थांबले. "अनुसया, तू जोयड्याला जाऊन एवढंच विचारून आली नसशील. तुला मी अकरा वर्षं ओळखतो. जादा तासाचं काय म्हणाली ती बाई?"

"दुप्पट म्हणाली."

"खरंच हाय ते. माझी ना न्हाई. वहीत ज्याचं नवाच्या वर दिसंल त्याला देतो. मागचंबी देतो, व्याज तेवढं मागू नका. किरण, कुणाचं हाय?"

किरणचं पेन वहीवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. रुक्मा फरशीकडं बघत होती. तिचे बारा दिवस नुकतेच लिहिले गेले होते, शाई अजून चमकत होती. अनुसयाच्या तोंडात वाक्य तयार होतं. जुलैचे नऊ दिवस, नोव्हेंबरचे पाच. ते बाहेर पडलं असतं तर तिला एकटीला तीन हजार तीनशे साठ रुपये मिळाले असते, आणि रुक्माच्या सत्तेचाळीसातले चौदा गळून तेहेतीस उरले असते.

"मागचं वहीत न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "फुडल्या वर्षापास्नं ज्याचा तास त्याच्याच बिल्ल्यावर लिवायचा. नवाच्या वर गेला, आठवड्याचं अठ्ठेचाळीस झालं, तर दुप्पट. आणि रजेवर असंल तिचा बिल्ला डावीकडंच ऱ्हाईल. तो तीन दिवसांत कुणाला जायचा न्हाई."

अण्णांनी पुडी बांधून टेबलावर ठेवली. त्यांना काय कळलं आणि काय कळलं नाही, हे तिला आजही नक्की सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "दुप्पट पडाय लागली तर मी सहाला कुलूप लावीन."

"लावा की. आम्हांस्नीबी घर हाय."

बाहेर आल्यावर रुक्मानं नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन म्हणाली, "बारा दिवस. मला लागत्यात चौदा."

"दोन दिवस कमी पडत्यात ते खरं. रविवार जोडून बघू."

"आणि तुमचं अठ्ठावीस-अठ्ठावीस?"

"सोडून दे."

"सोडून कसं देऊ? दिग्गीत कुणी पैरा सोडून दिला तर त्या घराला बोलवत न्हाईत परत. मी काय देऊ तुला, सांग. एका तासाला एक देऊ का दोन?"

अनुसयानं मनाशी हिशेब करून बघितला. एकाला एक म्हटलं तर कायदा खोटा. एकाला दोन म्हटलं तर रुक्मा शेजारीण न राहता मालकीण झाली, आणि मालकीण तरी कसली, काजू तर अण्णांच्याच गाडीत गेला. दोघी टेबलाशी परत जाऊन बसल्या. ढीग ओतलेला होता.

नव्या वर्षात किरण तास खरे लिहू लागला. फेब्रुवारीत मोठी ऑर्डर होती तेव्हा पाचही बायकांच्या पगारात सहा-सहा तास एकशे वीसच्या दरानं आले. त्यानंतर अण्णांनी खरंच बऱ्याचदा सहाला कुलूप लावलं. जुलैत रुक्मा नऊ दिवस दिग्गीला गेली आणि तिचा बिल्ला नऊ दिवस डाव्या फळीवर लटकला. काम मागायला आलेल्या एका बाईनं त्याच्याकडं बोट दाखवलं तर किरण म्हणाला, "ती रजेवर हाय." हा शब्द त्या दारात पहिल्यांदाच बोलला गेला असावा.

दिवाळीनंतर कापणी आटोपल्यावर रुक्माच्या आईनं, चंद्रानं, लेकीबरोबर निवडणीच्या बायकांसाठी रताळ्यासारखी डोंगरातली कणगं पाठवली. मोठी मोठी, मातीसकट. अनुसयानं ती घेतली, उकडून खाल्ली, आणि तरी तिचं समाधान झालं नाही. फेड कमी पडली म्हणून नाही. फेड तिला नकोच होती. तिला त्या चौदा दिवसांचं कळून घ्यायचं होतं. पंचायतीच्या दारावर शिबिराचा नवा कागद कधी लागतो, ते ती येता-जाता बघते. सावित्री मॅडमना काय विचारायचं, ते तिनं ठरवून ठेवलंय, कानडीत आणि मराठीत दोन्हींत. मान माझी दुखली, हजेरी रुक्माची लागली, काजू अण्णांच्या गाडीत गेला, आणि रुक्माची पगारी रजा त्याच दिवसांवर उभी राहिली. मग बाई, कायद्यानं तो तास कुणाचा?